खासगी रुग्णालयात जन आरोग्य योजना: नाशिककरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि मंजुरीची प्रक्रिया

मोफत उपचारांच्या राज्य सरकारच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आगाऊ अर्ज भरून ठेवावा लागत नाही. रुग्णालयात आरोग्यमित्र (रुग्णांच्या मदतीला योजनेने नेमलेला माणूस) जी नोंदणी करतो, तोच अर्ज. त्यामुळे खासगी रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा, डिपॉझिटची खिडकी नंतर. योजना पूर्ण कॅशलेस आहे. खिशातून भरलेलं बिल मागाहून परत मिळण्याची सोय तिच्यात नाही. ‘आधी ॲडमिट करू, योजनेचं उद्या बघू’ म्हणणाऱ्यांचे पैसे इथेच जातात.

कोण पात्र

१ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं अशा सर्व रेशनकार्डधारकांना आणि महाराष्ट्राचा अधिवास असलेल्यांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्याआधी पांढऱ्या कार्डावरच्या शेतकऱ्यांना योजना फक्त १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत लागू होती आणि नाशिक त्यांत नव्हता. निफाड, दिंडोरीतल्या ज्या बागायतदार कुटुंबांना तेव्हा नकार मिळाला, त्यांनी पुन्हा चौकशी करावीच. सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्र सरकारच्या मोफत उपचारांच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट नाही. ते आधारवर निघतं.

कागदपत्रं

रेशनकार्ड आणि फोटो असलेलं एक ओळखपत्र, दोन्हींच्या मूळ प्रती. रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र. ओळखपत्र म्हणून आधार सगळ्यात सोयीचं. मतदार कार्ड, पॅन, वाहन परवानाही चालतो. लहान बाळाचं नाव कार्डावर चढलेलं नसेल तर जन्मदाखला आणि आईवडिलांचं रेशनकार्ड घ्या.

ऐकायला सोपं आहे, पण अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, जुन्या कार्डावर १२ अंकी ऑनलाइन क्रमांकच नसतो. तो शहरात धान्य वितरण अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आणि तालुक्याला तहसीलच्या पुरवठा शाखेतून करून घ्यावा लागतो. आजारपण येण्याआधी हे काम उरका, कारण रुग्ण खाटेवर असताना तिथले हेलपाटे जीवघेणे होतात. दुसरं, लग्न झालेल्या मुलीचं नाव. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय सासरच्या कार्डात ते चढत नाही. मध्येच उपचाराची वेळ आली आणि नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल तर तेच कार्ड दाखवा, आणि आधारवर सासरचं आडनाव आलं असेल तर विवाह नोंदणी दाखला सोबत ठेवा.

रुग्णालय निवडताना

पाटीवर योजनेचं नाव आहे एवढ्यावर जाऊ नका. खासगी रुग्णालयं ठरावीक विभागांपुरती अंगीकृत (योजनेला जोडलेली) असतात. एखाद्या ठिकाणी कॅन्सरवर योजना चालते, पण हाडाच्या ऑपरेशनला नाही. म्हणून १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करून आजाराचं नाव सांगूनच विचारा. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यासाठी त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय किंवा शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय गाठावं लागतं.

मंजुरी कशी होते

आरोग्यमित्र नोंदणी करतो, डॉक्टर तपासतात आणि रुग्णालय तपासण्यांच्या रिपोर्टसह पूर्वमंजुरीसाठी प्रस्ताव ऑनलाइन पाठवतं. रिपोर्ट अपुरे असले की प्रस्तावावर ‘क्वेरी’ (शंका) निघते. हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा मोकळा करणाऱ्या ॲन्जिओप्लास्टीचं उदाहरण घ्या. तिथे नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, ॲन्जिओग्राफीची सीडी लागते. ॲन्जिओग्राफी दुसरीकडे झाली असेल तर सीडी मागून घेतल्याशिवाय तिथून निघू नका. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यावर त्याच्या खोक्यावरचं बारकोडचं स्टिकर केसपेपरला चिकटवतात. खाटेवरच्या रुग्णाचा फोटो, ऑपरेशननंतरचा एक्स-रे हेही याच हिशेबातलं. सरकारकडून पैसे मिळायला रुग्णालयाला हे पुरावे द्यावेच लागतात, तेव्हा त्याला नकार देऊ नका.

अपघात, हार्ट अटॅक अशा तातडीच्या वेळी रुग्णालय फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करू शकतं. कार्ड घरी राहिलं म्हणून रोख भरायला तयार होऊ नका. ‘कार्ड आणतोय, तातडीची मंजुरी घ्या’ असं आरोग्यमित्राला स्पष्ट सांगा आणि कागद लवकरात लवकर पोचते करा.

५ लाख ही वर्षाची मर्यादा आहे, हातात येणारी रक्कम नाही. प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो आणि त्यात खाट, भूल, औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग), जेवण, डिस्चार्जनंतर १० दिवसांचा पाठपुरावा हे सगळं येतं. ‘चांगल्या कंपनीचं इम्प्लांट हवं तर फरक भरा’ ही मागणी नियमात बसत नाही. साध्या ओपीडीचा खर्च मात्र योजनेत धरलेला नाही.

पैसे मागितले तर

पैसे द्यावेच लागले तर तक्रारीसाठी पावती घ्या. बाहेरून आणायला लावलेल्या औषधांची बिलंही रुग्णाच्या नावानेच करून घ्या. तक्रार लेखी करा. एक प्रत आरोग्यमित्राकडे, एक योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे, आणि हेल्पलाइनवर नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जाता येतं. तक्रार शक्यतो रुग्ण दाखल असतानाच करा. केस योजनेत चालू असते तेव्हा आरोग्यमित्राला तिथल्या तिथे हस्तक्षेप करता येतो. डिस्चार्जच्या वेळी सही करण्याआधी कागदावर लिहिलेली रक्कम वाचा आणि कोरा फॉर्म सही करून देऊ नका.