तास म्हणजे पिरियड की लेसन?

मराठीत 'तास' हा एकच शब्द बरीच कामं उरकतो. घड्याळातली 60 मिनिटं म्हणजे तास, आणि 35 मिनिटांत संपणारा गणिताचाही तासच. इंग्रजीत लिहायला बसलं की अडतं. 'मॅथ्स अवर' लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. चूक त्यांची नाही, मराठीने दोन्हींना एकच शब्द दिलाय. घड्याळाचा 'अवर' बाजूला ठेवला की उरतात पिरियड आणि लेसन.

पिरियड म्हणजे वेळापत्रकातला चौकोन. अमक्या घंटेला सुरू, तमक्या घंटेला बंद. त्यात कोणी काय शिकवलं, शिकवलं की नाही, याच्याशी या शब्दाचा संबंध नाही. लेसन म्हणजे त्या वेळात प्रत्यक्ष झालेलं शिकवणं. शिक्षक आलेच नाहीत तर लेसन झाला नाही. पिरियड मात्र घंटेबरोबर आला आणि घंटेबरोबर गेला. म्हणून रिकाम्या तासाला 'फ्री पिरियड' म्हणायचं. 'फ्री लेसन' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, कोणीतरी फुकट शिकवतंय. उलट शिक्षक काढतात तो 'लेसन प्लॅन', कारण आखणी शिकवण्याची असते, चौकोनाची नाही.

शब्दांची मुळंही हेच सांगतात, आणि मला ती फार आवडतात. पिरियड ज्या ग्रीक शब्दातून आला त्यात 'भोवती' आणि 'वाट' आहे, म्हणजे फिरून येणं. लेसनच्या मुळाशी लॅटिनमधलं 'वाचन' आहे. लेक्चरही त्याच घरातला.

खरी फसगत पुढे आहे. आपल्या कानाला लेसन म्हणजे पुस्तकातला धडा. 'वी हॅड टू लेसन्स टुडे' असं आपण दोन धडे झाले म्हणून सांगतो, आणि ब्रिटिश माणूस दोन तास झाले असं समजतो. 'लेसन फाइव्ह' असा आकडा लावला तर पुस्तकातला धडा नीट कळतो. नाहीतर 'चॅप्टर' बरा.

अमेरिकेत शाळेतल्या तासाला बहुधा 'क्लास' म्हणतात. 'लेसन' जास्त ऐकू येतो तो पियानोच्या किंवा पोहण्याच्या शिकवणीसाठी. तिथे तिसऱ्या तासाला नुसतं 'थर्ड पिरियड' म्हणतात, आधी 'द' लावत नाहीत. मात्र क्लास म्हणजे वर्गातली मुलंही, तेव्हा 'माय क्लास इज नॉइझी' म्हणजे गोंगाट मुलांचा.

मधल्या सुट्टीचं सोपं आहे. अमेरिकेत लहान मुलांच्या खेळायच्या सुट्टीला 'रिसेस', ब्रिटनमध्ये 'ब्रेक'. तिथे 'रिसेस' म्हटलं की संसदेची सुट्टी आठवते. डबा खायची सुट्टी असेल तर 'लंच ब्रेक' लिहा, दोन्हीकडे कळतं.