नव्या स्तनाला रक्त कुठून मिळणार?

मॅस्टेक्टॉमीनंतर, म्हणजे स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, तो पुन्हा घडवायचा म्हटलं की रुग्णाच्या मनात आधी आकार येतो. दुसऱ्या बाजूशी जुळेल ना, कपडे नीट बसतील ना. प्लास्टिक सर्जनला मात्र पहिली चिंता असते ती रक्तपुरवठ्याची. उरलेली त्वचा आणि नव्याने आणलेली चरबी जगणार कशावर? पुनर्रचना कधी करायची, कशाने आणि किती टप्प्यांत, हे बहुतांशी त्यावरच ठरतं.

१८९५ मध्ये जर्मन सर्जन व्हिन्सेंझ चेर्नी यांनी एका बाईच्या कमरेजवळची चरबीची गाठ काढून तिच्या रिकाम्या झालेल्या छातीत बसवली. कल्पना अफाट होती, पण बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचं तंत्रच तेव्हा नव्हतं. ते हाताशी यायला पुढची अनेक दशकं गेली.

आज दोन मुख्य वाटा आहेत. पहिली इम्प्लांटची. अनेकदा आधी त्वचेखाली किंवा स्नायूखाली एक्स्पांडर, म्हणजे रिकामी पिशवी ठेवतात आणि जखम भरली की सुईने त्यात थोडं थोडं सलाइन भरत जातात. छाती आवळल्यासारखी होते, एकदोन दिवस दुखते. पण त्वचा इथे नुसती ताणली जात नाही. ताणामुळे तिच्या पेशींचं विभाजन होतं, नव्या केशवाहिन्या फुटतात; त्वचा खरोखर वाढते. पुरेशी वाढली की पिशवी काढून सिलिकॉनचं इम्प्लांट बसवतात. शरीर त्याच्याभोवती कोलॅजनचं आवरण विणतं. काहींमध्ये ते आकसून कडक होतं, आकार बिघडतो, दुखतंही. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढेमागे बदलावं लागू शकतं, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. घाईच्या भेटीत नेमकं तेच राहून जातं.

दुसरी वाट स्वतःच्याच ऊतीची, आणि मला ती जास्त थक्क करते. फ्लॅप म्हणजे रक्तवाहिन्यांसकट उचललेला ऊतीचा तुकडा. डीआयईपी नावाच्या फ्लॅपमध्ये बेंबीखालची त्वचा आणि चरबी घेतात. तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या पोटाच्या स्नायूतून वर येतात. सर्जन स्नायूचे तंतू बाजूला सारत त्या मुळापर्यंत सोडवत नेतो, स्नायू मात्र जागेवरच राहतो. मग वाहिन्या कापल्या जातात आणि काही काळ तो तुकडा रक्ताविना असतो. उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, कडेला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या धमनी आणि शीर असतात. त्यांना त्या तुकड्याच्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडतात. धमनीचे टाके केसाहून बारीक धाग्याचे.

पहिले एकदोन दिवस सगळ्यात नाजूक. रात्रीसुद्धा तासातासाला नर्स येते, फ्लॅपवर बोट दाबून रंग किती वेळात परततो ते बघते, डॉप्लर या ध्वनिलहरींच्या यंत्रावर रक्तप्रवाहाचा आवाज ऐकते. फ्लॅप फिकट आणि गार पडला तर धमनीत अडथळ्याची शंका. जांभळट होऊन सुजला तर शिरेत. कोणतंही लक्षण दिसलं तर सकाळची वाट बघत नाहीत, पेशंट पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये.

रेडिएशन इथेच आडवं येतं. त्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होतात, ऊती तंतुमय आणि ताठ बनते. म्हणून किरणोपचार झालेल्या छातीवर इम्प्लांटच्या तक्रारी वाढतात आणि तिथे बाहेरून रक्तवाहिन्यांसकट आणलेली ऊती बरेचदा जास्त भरवशाची ठरते. तंबाखू सोडण्याचा डॉक्टरांचा आग्रहही उपदेश म्हणून नसतो. निकोटिनने वाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडा काळ्या पडू शकतात.

रक्त परतलं तरी स्पर्श परततोच असं नाही. मॅस्टेक्टॉमीत त्वचेकडे जाणाऱ्या नसा तुटतात. काहींना कालांतराने थोडी जाणीव येते, अनेकींना फारशी येत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलं तरी कळत नाही, त्यामुळे ती त्या जागी ठेवूच नये. काही ठिकाणी आता नसाही जोडतात, पण परिणाम सारखे येत नाहीत.

पुनर्रचना नको म्हणून छाती सपाट, नेटकी शिवून घेणं हाही पूर्ण पर्याय आहे, आणि पुढे मन बदललं तर बऱ्याचदा काही वर्षांनीही पुनर्रचना करता येते. पोटाची ऊती मात्र एकदाच मिळते. दोन्ही बाजू एकाच वेळी करायच्या असतील तर ती दोन भागांत वाटता येते; एका बाजूसाठी वापरून टाकली की दुसरीसाठी पाठ, मांडी किंवा इम्प्लांटकडे वळावं लागतं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीएसारखा जनुकीय दोष असेल तर दुसऱ्या स्तनाचं काय करायचं, हे म्हणूनच पहिल्या ऑपरेशनच्या आधी बोलून घ्यावं.