सातारा–सांगलीतील बॉयलर उद्योग : रोजगार

वाफ व उष्णता निर्माण करणारे बॉयलर, हीटर आणि त्यांचे भाग बनवणे, उभारणे व दुरुस्त करणे या कामांतील रोजगार. सातारा–सांगली पट्ट्यात तो दोन ठिकाणी एकवटला आहे : पुणे–बेंगळुरू महामार्गावरील शिरवळ आणि कृष्णाकाठचे साखर कारखाने.

पुण्याची थरमॅक्स व अमेरिकेची बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर कंपन्यांनी २०१० मध्ये भागीदारी केली आणि शिरवळला (ता. खंडाळा) वीजकेंद्रांच्या सुपरक्रिटिकल (अतिउच्च दाबाच्या) बॉयलरांसाठी कारखाना उभारला. पुढे कोळशावरील नव्या वीजप्रकल्पांची मागणी ओसरली. २०१८ मध्ये भागीदाराचा हिस्सा थरमॅक्सने घेतला. अशा मोठ्या कारखान्यात किती हातांना काम मिळणार, हे देशाचे वीजधोरण ठरवते. तालुक्याच्या हाती त्यातले फार थोडे असते.

साखर कारखान्यांशी जोडलेले काम अधिक भरवशाचे. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन होते, मग गाळप. गाळप संपले की बॉयलर फिटरांचा हंगाम सुरू होतो. गंजलेल्या, झिजलेल्या ट्यूब (पाण्या-वाफेच्या नळ्या) कापून काढायच्या, नव्या बसवायच्या, त्यांची टोके ड्रमच्या (पाणी-वाफेच्या टाकीच्या) भोकांत एक्स्पांडरने फुगवून घट्ट करायची आणि बॉयलर निरीक्षकासमोर पाण्याच्या दाबाची चाचणी द्यायची. एक सांधा पाझरला तरी पुन्हा ट्यूबपाशी जावे लागते. हे काम बहुधा ठेकेदाराच्या टोळीकडे असते. कायम नोकरी कमी आणि कंत्राट जास्त, हा बदल या धंद्यात सर्वांत ठळक आहे आणि कामगाराच्या दृष्टीने सर्वांत जाचक.

सहवीजनिर्मितीमुळे, म्हणजे कारखान्याच्या वाफेवर वीजही बनवू लागल्यामुळे, जुन्या कमी दाबाच्या बॉयलरांच्या जागी ६७, ८७, अगदी ११० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचे बॉयलर आले. आसवनीतील स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी) जाळणाऱ्या बॉयलरांनी नवे काम आणले. दाब वाढला तशी वेल्डरची कसोटीही कडक झाली. भट्टीच्या भिंतीचे ट्यूब-पॅनेल आता यंत्र जोडते, पण जागेवरचा अडचणीतला सांधा आर्गन वेल्डरच (आर्गन वायूच्या आवरणात वेल्डिंग करणारा) जोडतो. तिरक्या, स्थिर पाइपवरची ‘सिक्सजी’ चाचणी आणि सांध्याचा एक्स-रे यांत जो उतरतो, त्याला गुजरातपासून आखातापर्यंत मागणी असते. म्हणून चांगले वेल्डर गावी टिकत नाहीत.

१९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली. बॉयलर चालवण्यासाठी परिचराकडे प्रमाणपत्र असणे मात्र आजही बंधनकारक आहे. आयटीआयचा वेल्डर अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो. उच्च दाबाच्या कामाची तयारी त्यानंतर वर्कशॉपमध्येच होते, बहुतेकदा जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली.