कॅम्पर व्हॅनसाठी दुसरी बॅटरी निवडताना

इंजिन सुरू करणारी बॅटरी आणि राहत्या भागातली बॅटरी यांची कामे वेगळी आहेत. स्टार्टरला काही सेकंदच, पण शेकडो अँपिअर लागतात. म्हणून त्या बॅटरीत पातळ प्लेट जास्त संख्येने बसवलेल्या असतात. तिच्यावर रात्रभर फ्रिज चालवला तर ती खोलवर उतरते, प्लेटवरचा लेप सुटू लागतो आणि असे थोड्या वेळा झाले तरी बॅटरी बसते. दिवे, फ्रिज, पंखा आणि पंपासाठी डीप सायकल प्रकारची, म्हणजे वारंवार खोलवर उतरवली तरी टिकणारी, वेगळी बॅटरीच हवी.

बॅटरी किती एएचची (अँपिअर-तासांची) घ्यावी, हा ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो. त्याच्या जोडीला आम्ही आणखी एक विचारतो: ती भरणार कशी? कुठल्या प्रकारची बॅटरी घ्यावी हे बरेचसे या उत्तरावर ठरते.

रोजचा खर्च काढा

प्रत्येक उपकरणाचे वॅट गुणिले तास, भागिले १२, म्हणजे अँपिअर-तास. साधारण ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसभर लावलेला असला तरी कॉम्प्रेसर सतत चालत नाही. चोवीस तासांपैकी नऊ-दहा तास धरा, म्हणजे ३५ एएच. उन्हाळ्यात किंवा दार सारखे उघडल्यास हा आकडा सहज वाढतो. छतावरचा पंखा दीड अँपिअरने आठ तास, १२ एएच. लॅपटॉप अडीच तास, सुमारे ११. चार एलईडी दिवे मिळून ४, दोन फोन ३, पाण्याचा पंप जेमतेम १. बेरीज ६६ एएच. वायरिंगमधली घट आणि अंदाजातली चूक धरून ८० एएच समजा.

फ्रिज सोडला तर बाकीचा खर्च किरकोळ दिसतो, तो खरेच तसा आहे. चित्र बदलते ते इन्व्हर्टरवर उष्णता निर्माण करणारी उपकरणे लावली की. १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १७० अँपिअर ओढते. १०० एएचच्या अनेक लिथियम बॅटऱ्यांचे बीएमएस (बॅटरीतले संरक्षक सर्किट) १०० अँपिअरलाच वीज तोडते, आणि शेगडीसोबत फ्रिज व दिवेही बंद पडतात. शेगडी वापरायचीच असेल तर आधी सांगा. बॅटरी, केबल, फ्यूज सगळेच बदलते.

लेबलवरचे १०० एएच आणि हाती येणारे एएच

एजीएम किंवा जेल (दोन्ही शिशाच्या बंद बॅटऱ्या) निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे १०० पैकी ५० एएच आपले. लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी) बॅटरीतून ८० ते ९० एएच बिनधास्त काढता येतात. वरच्या ८० एएच खर्चाला एका दिवसासाठी १०० एएचची एलएफपी पुरते. एजीएम १६० एएचची लागते. वजनातही मोठा फरक पडतो: १०० एएचची एलएफपी ११ ते १३ किलोची, तेवढ्याच एएचची एजीएम ३० किलोच्या आसपास.

शिशाच्या बॅटरीचे लेबलवरचे एएच बहुधा २० तासांच्या दराने मोजलेले असतात, म्हणजे १०० एएच बॅटरीतून फक्त ५ अँपिअर काढताना. तिच्यातून ५० अँपिअर ओढले तर दोन तास मिळत नाहीत, बरेच कमी मिळतात. एलएफपीत ही घट नगण्य असते.

भरणे: खरी अडचण इथे आहे

शिशाची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते. मग ती स्वतःच करंट कमी घेऊ लागते आणि शेवटच्या २० टक्क्यांना चार-पाच तासही लागू शकतात. चार्जर मोठा लावून हा वेळ वाचत नाही. दोन तास गाडी चालवून मुक्कामाला पोहोचणाऱ्या माणसाची एजीएम त्यामुळे कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या प्लेटवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात, क्षमता घटते आणि ग्राहकाला वाटते की बॅटरीच खराब निघाली. वेळेआधी बसलेल्या बॅटऱ्यांमागे हे कारण वारंवार सापडते.

एलएफपी जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते: ३० अँपिअरच्या चार्जरने दोन तासांत ६० एएच. शिवाय अर्धवट भरलेली राहिली तरी तिचे काही बिघडत नाही.

म्हणून आमचे मत असे: व्हॅन अधूनमधून निघत असेल आणि परतल्यावर मेन्स (घरच्या विजेवरच्या) चार्जरला रात्रभर लावता येत असेल, तर एजीएम पुरेशी आहे, लिथियमवर जास्तीचे पैसे घालू नका. सलग दिवस बाहेर राहणार असाल, गाडी थोडीच चालवणार असाल, तर एलएफपीच घ्या. छतावरचे १०० वॅटचे सपाट पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला २५ ते ३० एएच देते. सावलीत उभ्या व्हॅनवर त्याचा भरवसा धरू नका.

घरगुती इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी व्हॅनमध्ये बसवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, हादऱ्याने ॲसिड सांडते, आणि तिची उंचीही सीटखाली मावत नाही.

अल्टरनेटरशी थेट जोडणी नको

अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून गाडीची बॅटरी भरणारे जनित्र. नव्या गाड्यांमध्ये स्मार्ट अल्टरनेटर असतो. तो इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज कधी १२.५ पर्यंत खाली आणतो, तर ब्रेक लावताना १५ च्या जवळ नेतो. साधा स्प्लिट चार्ज रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या थेट जोडणारा स्विच) अशा गाडीत धड चालत नाही. एलएफपीच्या बाबतीत दुसरा धोका आहे: तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते, आणि गाडी उभी राहून इंजिन आयडलिंगवर असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो. डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरची वीज योग्य व्होल्टेजने आणि मर्यादित करंटने दुसऱ्या बॅटरीला देणारा) या दोन्हींवर उपाय आहे.

चार्जर बसवताना बॅटरीचा प्रकार त्यात नक्की निवडा. एजीएमला साधारण १४.४ ते १४.७ व्होल्ट, जेलला १४.१ ते १४.२, एलएफपीला १४.२ ते १४.६, अंतिम आकडा बॅटरीच्या माहितीपत्रकातलाच घ्या. एलएफपीसाठी डिसल्फेशन (प्लेटवरचे सल्फेट काढणारी) आणि तापमान-भरपाई (तापमानानुसार व्होल्टेज बदलणारी) या दोन्ही सेटिंग बंद ठेवा.

दोन बॅटऱ्यांमधले अंतर ५ मीटर आणि चार्जर ३० अँपिअरचा असेल तर १६ चौरस मिमीची तांब्याची केबल वापरा. जातायेताची लांबी धरून घट सुमारे ०.३ व्होल्ट येते. तिथेच ६ चौरस मिमीची घातली तर जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. या केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना हवा, टर्मिनलपासून एका वितीच्या आत. निगेटिव्ह तार गाडीच्या बॅटरीच्या टर्मिनलवर नव्हे, चॅसिसच्या अर्थ पॉइंटवर घ्या. नाहीतर तिथल्या सेन्सरला हा करंट दिसत नाही आणि गाडीचा हिशेब चुकतो.

वापरताना

एजीएम काही तास विनालोड ठेवून मोजा: १२.७ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. एलएफपीचा व्होल्टेज बराच काळ १३ ते १३.३ मध्येच राहतो, त्यामुळे तिच्यासाठी शंट (येणारा-जाणारा करंट मोजणारा भाग) असलेला मॉनिटर लागतोच. एलएफपी शून्य अंशाखाली चार्ज करू नका; ॲनोडवर लिथियम धातू जमतो आणि ते नुकसान भरून येत नाही. थंड भागात जाणार असाल तर बीएमएसमध्ये कमी तापमानाला चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, ते घेण्याआधी पाहा. व्हॅन महिनोन्महिने उभी राहणार असेल तर एजीएम पूर्ण भरून ठेवा, एलएफपी निम्म्याच्या आसपास, आणि दोन्हींचा लोड मेन स्विचने तोडा.

दुकानात येताना गाडीचे मॉडेल व वर्ष, बॅटरी ठेवायच्या जागेची लांबी-रुंदी-उंची आणि वर दाखवल्याप्रमाणे काढलेला रोजचा खर्च कागदावर लिहून आणा. उंची मोजताना टर्मिनल आणि वळणाऱ्या केबलसाठी ५ सेंटीमीटर मोकळे सोडा.