स्टेरॉइड उपचार, दीर्घकालीन : दुष्परिणामांचे नियंत्रण

दाह हे मूळ लक्षण असलेल्या चिवट आजारांत ग्लुकोकॉर्टिकॉइड वर्गातील स्टेरॉइड औषधे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. त्या काळात शरीरावर होणारे अनिष्ट परिणाम आधी ओळखणे, टाळणे किंवा आटोक्यात ठेवणे हा या नोंदीचा विषय आहे. आमवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), सार्कॉइडोसिस, पॉलिमायाल्जिया रुमॅटिका, रक्तवाहिन्यांचे व आतड्यांचे दाहविकार आणि मूत्रपिंडाचे काही आजार यांत ही औषधे दिली जातात. भारतात तोंडाने घ्यायची गोळी बहुधा प्रेडनिसोलोनची असते. मिथाइलप्रेडनिसोलोन आणि डिफ्लाझाकॉर्टही बरेच चालतात. ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन म्हणजे सुमारे ४ मिग्रॅ मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिग्रॅ डिफ्लाझाकॉर्ट किंवा २० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन. डॉक्टर बदलला, गोळी बदलली की हा हिशेब हाताशी असावा लागतो. व्यायामशाळेत स्नायू फुगवण्यासाठी घेतात ती स्टेरॉइडे निराळी; त्यांचा इथे संबंध नाही.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोन या स्टेरॉइडची इंजेक्शने रोज १०० मिग्रॅ या प्रमाणात सुरू केली. काही दिवसांतच ती चालू लागली. हेंच, हा पदार्थ वेगळा करणारे एडवर्ड केंडल आणि बाझेलचे टाडेउश राइखस्टाइन यांना १९५० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या झटपट मिळालेले नोबेल विरळाच. पण सुजलेला गोल चेहरा, बिघडलेली मनःस्थिती आणि औषध थांबवताच दुपटीने उसळणारा आजार हेही त्याच सुरुवातीच्या रुग्णांमध्ये दिसले होते. १९५० च्या दशकात प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन आले. त्यांच्यामुळे शरीरात मीठ-पाणी साठण्याचा त्रास कमी झाला. बाकीचे परिणाम मात्र तसेच राहिले, कारण दाह शमवणारी आणि हाडे झिजवणारी क्रिया एकाच ग्राहीमार्फत (औषध पेशीत ज्याला चिकटते त्या प्रथिनामार्फत) घडते. या दोन क्रिया वेगळ्या करणारे औषध शोधण्याचे प्रयत्न अनेक दशके चालू आहेत. आजवर एकही औषध त्यात पूर्णपणे उतरलेले नाही.

मात्रा आणि काळ : दुष्परिणाम मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतात : रोजची मात्रा आणि एकूण काळ. त्यामुळे नियंत्रणाची सुरुवात पहिली चिठ्ठी लिहितानाच व्हायला हवी. किती दिवसांत किती मिलिग्रॅमवर यायचे आणि स्टेरॉइडची जागा कोणते औषध घेणार, हे त्याच दिवशी ठरलेले असावे. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते : गोळीने पाचव्या दिवशी बरे वाटते, रुग्ण पुन्हा डॉक्टरकडे जात नाही आणि औषधाच्या दुकानातून तीच चिठ्ठी वर्षभर चालते. आमवातात मेथोट्रेक्झेटसारख्या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात; तेवढ्या काळाचा आधार म्हणून स्टेरॉइड द्यायचे, ही आजची सर्वमान्य रीत आहे. ल्युपसमध्ये रोज ५ मिग्रॅ किंवा त्याहून कमी हे लक्ष्य युरोपीय तज्ज्ञांच्या २०२३ च्या शिफारशीत आहे. ही ‘अल्प’ मात्राही सर्वस्वी निर्धोक नाही. ६५ वर्षांवरील आमवाताच्या रुग्णांना दोन वर्षे रोज ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन देऊन पाहिलेल्या ‘ग्लोरिया’ या २०२२ च्या चाचणीत आजार चांगला आवरला, सांध्यांची झीजही कमी झाली. पण किमान एक ठळक दुष्परिणाम झालेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ६० टक्के, तर नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ४९ टक्के होते. वाढ मुख्यतः किरकोळ संसर्गांची होती. हा सौदा एखाद्या रुग्णाला परवडतोही. फक्त तो समजून-उमजून केलेला असावा.

गोळी सकाळी न्याहारीनंतर एकदाच घेतात. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड संप्रेरक कॉर्टिसोलही पहाटे चढते आणि रात्री उतरते, त्याच चालीने ही गोळी जाते. संध्याकाळी घेतलेली गोळी झोप उडवते.

अचानक बंद करण्याचा धोका : बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले की मेंदूतील पोषग्रंथी मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसोल तयार करणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींना हुकूम देणे थांबवते आणि त्या सुस्तावतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ औषध घेतलेल्या प्रत्येकाला हे लागू समजावे. दुष्परिणामांचे ऐकून घाबरलेला रुग्ण, किंवा ‘आता सगळी इंग्रजी औषधे बंद’ असा सल्ला मिळालेला रुग्ण एका दिवसात गोळी सोडतो, तेव्हा उलट्या, पोटदुखी, कमालीचा थकवा, रक्तदाब कोसळणे, रक्तातील सोडियम घटणे, भ्रम अशी अवस्था येऊ शकते. वेळेत हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिग्रॅचे इंजेक्शन आणि शिरेतून सलाइन मिळाले नाही, तर जीव जातो. स्टेरॉइडच्या अनेक दुष्परिणामांपेक्षा स्टेरॉइडची भीती अधिक तातडीने घातक ठरते, ती अशी.

ताप, अपघात, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया यांत निरोगी शरीर जास्त कॉर्टिसोल तयार करते. या रुग्णांना ते जमत नाही. म्हणून अंगात ताप असताना रोजची मात्रा कमी असेल तर ती तात्पुरती वाढवून साधारण १० मिग्रॅपर्यंत नेतात. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नये, इंजेक्शन लागते. ब्रिटनमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना आणीबाणीत दाखवायचे स्टेरॉइड कार्ड दिले जाते. आपल्याकडे निदान फाइलच्या पहिल्या पानावर औषधाचे नाव व मात्रा ठळक लिहून ठेवावी आणि दात काढण्यापासून मोतीबिंदूपर्यंत कोणत्याही शस्त्रक्रियेआधी ती दाखवावी.

मात्रा उतरवताना वरचे टप्पे भराभर घेता येतात, खालचे नाही. शरीराची स्वतःची रोजची गरज सुमारे ४ ते ६ मिग्रॅ प्रेडनिसोलोनएवढी असते. तिथून खाली दर महिन्याला १ मिग्रॅ इतक्या धिम्या गतीनेही उतरावे लागते. या टप्प्यावर अंग दुखते, गळून गेल्यासारखे वाटते आणि आजारच उलटला अशी समजूत होते. रक्तातील दाहाचे निर्देशांक आणि सांध्यांची सूज पाहून फरक ठरवतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी, कॉर्टिसोल १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली असे मानतात. ५ च्या खाली असेल तर औषध चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात.

रक्तशर्करा : सकाळच्या गोळीने साखर दुपारनंतर चढते आणि रात्रीतून उतरते. आपल्याकडे तपासणीची सवय सकाळी उपाशीपोटीची. ती साखर नॉर्मल आली की घरचे निर्धास्त होतात आणि दुपारची तीनशेवर गेलेली साखर कुणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून जेवणानंतरची किंवा संध्याकाळच्या जेवणाआधीची साखर पाहावी. आधीपासून मधुमेह असलेल्यांचा इन्सुलिनचा डोस वाढतो, आणि स्टेरॉइड उतरवताना तो बरोबरीने उतरवावा लागतो. हे विसरले तर साखर धोकादायक रीतीने खाली जाते. २०२१ च्या कोविड लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने जो कहर केला, त्यामागे बेताल साखर आणि गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड ही जोडगोळी मोठ्या प्रमाणात होती.

हाडे : हाडांची घनता सर्वांत वेगाने घटते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, म्हणजे बहुतेकांना हाडांची आठवणही होण्यापूर्वी. मणके आधी खचतात, पुष्कळदा न दुखता. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार रोज २.५ मिग्रॅ किंवा अधिक मात्रा तीन महिन्यांहून जास्त काळ घेणार असलेल्या प्रत्येकाच्या अस्थिभंगाच्या जोखमीचा अंदाज घ्यावा. आहार व गोळ्या मिळून रोज १००० ते १२०० मिग्रॅ कॅल्शियम, पुरेसे ड जीवनसत्त्व आणि चालण्याचा व्यायाम हा पाया. दूध, नाचणी, तीळ यांतून त्यातला चांगला वाटा निघतो. जोखीम मध्यम किंवा जास्त असल्यास ॲलेंड्रोनेटसारखे औषध लागते. आठवड्यातून एकदा ७० मिग्रॅची ही गोळी सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही. अन्यथा अन्ननलिकेला इजा होते. दुसरा, वेगळा धोका खुब्याचा. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते मरते. जांघेत दुखू लागते, सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येतो आणि दुखणे मूळ संधिवाताच्या खात्यात जमा होते. अशा वेळी एमआरआय करावा.

संसर्ग : भारतात यातला पहिला विचार क्षयरोगाचा. रोज १५ मिग्रॅ किंवा अधिक मात्रा महिनाभर चालली तर सुप्त क्षयरोग जागा होण्याची शक्यता वाढते. उपचारापूर्वी छातीचा एक्स-रे, तसेच हिपॅटायटिस बी ची तपासणी करून ठेवणे स्वस्त पडते. क्षयरोग झालाच, तर आणखी एक गुंता आहे : रिफाम्पिसिन प्रेडनिसोलोनचा निचरा वेगाने करते, त्यामुळे मात्रा वाढवावी लागते आणि मूळ आजार का उसळला हे लवकर कळत नाही. नागीणही या रुग्णांत अधिक. रोज २० मिग्रॅ किंवा त्याहून अधिक मात्रा दोन आठवडे वा जास्त घेणाऱ्यांना जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी मात्र द्याव्यात. स्टेरॉइडने ताप दबतो, म्हणून ताप नाही म्हणजे संसर्ग नाही असे धरून चालत नाही.

जठर : स्टेरॉइडबरोबर आम्लपित्ताची गोळी लिहिण्याचा प्रघात इतका पक्का आहे की ती नसली तर रुग्णच विचारतो. नुसत्या स्टेरॉइडने व्रणाचा धोका फारसा वाढत नाही. वेदनाशामक गोळ्या जोडीला असल्या की तो बराच वाढतो. तेव्हा आम्लरोधकाची गरज तिथे आहे. वर्षानुवर्षे घेतलेले आम्लरोधक अस्थिभंगाच्या वाढत्या प्रमाणाशी निगडित आढळले असल्याने त्यांची सरसकट जोड देणे या नोंदीच्या मते योग्य नाही.

स्नायू, डोळे, मन : मांड्या व दंडांचे स्नायू अशक्त होतात. भारतीय पद्धतीच्या शौचालयातून उठताना भिंतीचा आधार लागू लागणे हे बहुधा पहिले लक्षण. रक्तातील सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारे विकर) या वेळी नॉर्मल असते. स्नायूंच्या दाहात ते बहुधा वाढते, यावरून दोन्ही वेगळे काढता येतात. मोतीबिंदू आणि काचबिंदूसाठी वर्षातून एकदा नेत्रतपासणी करतात. मानसिक परिणाम मात्रेबरोबर चढतात. १९७२ च्या एका प्रसिद्ध अमेरिकी पाहणीत रोज ४० मिग्रॅपर्यंत तीव्र मानसिक बिघाड १.३ टक्के रुग्णांत, तर ८० मिग्रॅच्या वर १८.४ टक्के रुग्णांत दिसला. जास्त बोलणे, रात्रभर जागणे, उधळपट्टी, संशय ही चिन्हे घरच्यांना आधी दिसतात. ती औषधाची असू शकतात हे त्यांना आधीच सांगितलेले असावे.

चेहरा गोल होणे, मानेमागे चरबी साठणे, पोट सुटणे यांना वैद्यकात किरकोळ मानतात. नातेवाईक तर ‘तब्येत छान भरली’ म्हणून कौतुक करतात. पण तरुण मुली गुपचूप गोळ्या सोडतात त्या बहुधा याच कारणाने. मात्रा उतरली की चेहरा काही महिन्यांत पूर्ववत होतो, हे सुरुवातीलाच सांगणे हा उपचाराचाच भाग होय. भूक वाढते म्हणून फराळाला आवर घालावा आणि पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठ तोडावे.

पर्यायी औषधे : स्टेरॉइडची गरज घटवणारी औषधे आजारानुसार बदलतात : आमवातात मेथोट्रेक्झेट, ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व मायकोफेनोलेट, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या दाहात टोसिलिझुमॅब. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकाच ठरावीक दिवशी घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवलेले आहेत, म्हणून चिठ्ठीवर वाराचे नाव लिहितात.

छुपे स्टेरॉइड : गुडघेदुखी, दमा यांवरील काही बेनामी पुड्या व ‘जडीबुटी’च्या गोळ्यांत डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन मिसळलेले सापडते. रुग्ण स्टेरॉइड घेत नसल्याचे प्रामाणिकपणे सांगतो. चेहरा मात्र गोल, त्वचा कागदासारखी पातळ, दंडावर काळेनिळे डाग, आणि सकाळचे कॉर्टिसोल जवळजवळ शून्य. शरीरात स्टेरॉइड जास्त झाल्याची लक्षणे आणि रक्तात स्वतःचे कॉर्टिसोल नाही, हा विरोधाभासच निदान सांगतो. अशी पुडी त्याच दिवशी हिसकावून घेणे धोक्याचे. आधी ठरावीक मात्रेचे हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन सुरू करतात, मग पुडी थांबवतात आणि उतरण तिथून आखतात.