बास्केटमध्ये कुठलं जिरॅनियम लावायचं: झोनल की आयव्ही?

दिवाळीच्या आगेमागे बेळगावच्या नर्सऱ्यांत जिरॅनियमची रोपं दिसू लागतात. बरेच जण त्यातलं फुललेलं एखादं उचलतात, टांगत्या बास्केटमध्ये लावतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी विचारतात, "हे खाली का सुटत नाही?" ते सुटणारच नाही. जिरॅनियम म्हणून दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. झोनल सरळ वर वाढतं, आयव्ही कडेवरून खाली सुटतं.

फुलावरून ओळखू नका, लाल, गुलाबी, पांढरा हे रंग दोन्हींत मिळतात. पान बघा. झोनलचं पान गोलसर आणि लवदार, त्यावर घोड्याच्या नालेसारखा गडद पट्टा. काही वाणांत पट्टा पुसट असतो, म्हणून पानावरून बोट फिरवून लव लागते का बघायची. आयव्हीचं पान जाडसर, गुळगुळीत, चकचकीत, कडेला पाच टोकं. फांद्या बारीक आणि पेराशी कटकन मोडणाऱ्या, तेव्हा दुचाकीवरून आणताना रोप जपा. लेबल असेल तर 'पेलार्गोनियम पेल्टाटम' हे आयव्हीचं नाव. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने 1753 मध्ये ही दक्षिण आफ्रिकेची झाडं जिरॅनियममध्ये घातली होती. 1789 मध्ये पेलार्गोनियम ही प्रजाती वेगळी केली गेली, तरी बाजारात जुनंच नाव चालतं.

बेळगाव-खानापूरच्या थंड हवेत बास्केटसाठी मी आयव्हीच घ्यायला सांगेन. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली मिळणारी पूर्वेची गॅलरी तिला मानवते. अथणी, रायबागकडे उन्हाळा कडक. तिथे आयव्हीची फुलं लवकर थांबतात, त्यामानाने झोनल तग धरतं. बास्केट भरायचीच असेल तर झोनल मधोमध लावा आणि कडेने दुसरं काही लोंबणारं सोडा.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात. मुळं ओली, हवा दमट आणि ऊन नाही असे दिवस लांबले की आयव्ही शोषलेलं पाणी बाहेर टाकू शकत नाही. पान उलटं करून बघा: आधी पाण्याने भरलेले बारीक फोड दिसतात, पुढे ते तपकिरी, खरखरीत, बुचासारखे होतात. लोक रोग समजून औषध फवारतात. हा रोग नाही, औषधाचा उपयोगही नाही. बास्केट छपराखाली वारा लागेल अशी टांगा, वरचं बोटभर मिश्रण कोरडं झाल्यावरच पाणी घाला, तेही सकाळी. डागाळलेली पानं सुधारत नाहीत, पण नवी स्वच्छ येतात. झोनलला पानाखाली तांबूस भुकटीचे गोल चट्टे दिसले तर मात्र तो तांबेरा. ती पानं लगेच तोडून टाका, पानांवर पाणी उडवू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगते: आयव्हीची बास्केट झोनलच्या कुंड्यांवर टांगू नका. जिवाणूजन्य करपा आयव्हीत फारशी लक्षणं न दाखवता राहू शकतो. वरून ठिबकणाऱ्या पाण्याबरोबर तो खाली उतरतो आणि झोनल पिवळं पडून, कोमेजून मरतं.

मिश्रण दोघांनाही निचऱ्याचंच हवं: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेलं शेणखत, थोडी तांबडी माती. निपाणीकडची काळी माती बास्केटमध्ये नको, ती पाणी धरून बसते आणि वजनही वाढवते. झोनलची सुकलेली फुलं दांड्यासकट बुडाशी मोडावी लागतात. आयव्ही बरीचशी स्वतःच गाळते.

छाट कलम दोन्हींचं सोपं. थंडीत तीन-चार इंचांचं निरोगी शेंड्याचं टोक घ्या, खालची पानं आणि कळ्या काढा, कापलेली बाजू काही तास सावलीत सुकू द्या, मग ओलसर कोकोपीटमध्ये खोचा. वर प्लास्टिकची पिशवी घालू नका, आत कोंडलेल्या ओलीने दांडा खालून काळा पडून कुजतो.