फेणी मागवण्याआधी: आमच्या बारमध्ये येणाऱ्या पाहुण्यांसाठी

पुण्या-कोल्हापूरहून आलेले पाहुणे खुर्ची ओढता ओढताच विचारतात, "फेणी म्हणजे तीच ना, वास येणारी?" हो, तीच. वास काजूच्या बोंडांचा आहे. तो झाकायची आम्हाला गरज वाटत नाही. पण पहिल्याच घोटाला नुसती फेणी घेऊन तोंड वाकडं करणारी मंडळी रोज दिसतात, म्हणून हे पान छापलं.

हुर्राक की फेणी?

काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, दारू मात्र गोव्याची. बोंडं झाडावरून तोडत नाहीत. पिकून खाली पडलेली वेचतात, तुडवून रस काढतात आणि तो आंबवतात. हा रस पहिल्यांदा भट्टीवर चढवला की मिळते ती हुर्राक. चवीला हलकी, अल्कोहोल साधारण १५ टक्के. त्याच हुर्राकात आंबवलेला रस घालून पुन्हा भट्टी लावली की फेणी, सुमारे ४२ टक्के. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

हुर्राक टिकत नाही. मार्च ते मे एवढाच तिचा हंगाम. ऑगस्टमध्ये कुणी "ताजी हुर्राक" म्हणून पुढे केली, तर दोन प्रश्न जास्त विचारा. आमच्याकडे त्या दिवसांत ती यादीतच नसते.

पहिल्यांदा येणाऱ्याने हंगामात हुर्राकच मागावी: लिंबू-सोडा, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरची तिखटासाठी नाही, वासासाठी असते, ती चावू नका. एरवी ३० मिली फेणी, कोकमाचं आगळ आणि सोडा. आगळ आधीच खारट असतं, त्यामुळे वरून मीठ घालत नाही. गोड आवडणाऱ्यांसाठी लिंबू आणि गुळाच्या पाकातली फेणी आहे. आमच्या मते ती जरा जास्तच सोपी लागते, दुसरा ग्लास कधी संपला कळत नाही. माडाची फेणी काजूची नाही, सुरेची म्हणजे माडाच्या ताडीची असते. तिचा वास वेगळा, तेव्हा आधी घोटभर चाखा आणि मग ग्लास सांगा. चाखायचे पैसे घेत नाही.

सोबत काय खाल?

रिकाम्या पोटी फेणी देताना आमच्याच जिवावर येतं. रेशाद म्हणजे आंबट-तिखट लाल मसाला भरलेला बांगडा आधी सांगून ठेवा, त्याला वेळ लागतो. चोरिस-पाव म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, कांद्याबरोबर परतलेलं. न खाणाऱ्यांसाठी तवा वेगळा ठेवला आहे. शाकाहारींनी फ्रेंच फ्राइजवर भागवू नये: अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची खोबऱ्याच्या वाटणातली उसळ) आणि गरम पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) मागा. रोस ऑम्लेट म्हणजे ऑम्लेटवर कोंबडीच्या शागुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा, वर कांदा-लिंबू. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या माशांची यादी आखडते आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं-कांदा घातलेली कोशिंबीर, पुढे येते. पावसात आम्हाला तीच जास्त आवडते.

थोडे नियम

२१ वर्षांखालच्यांना दारू देत नाही. ओळखपत्र मागितलं तर राग मानू नका. गाडी चालवणाऱ्याने नुसतं कोकम-सोडा घ्यावं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम इतकीच आहे, "एकच घेतला" हे तिथे चालत नाही. रिक्षा किंवा टॅक्सी आम्ही बोलावून देतो. आम्ही बाटली विकत नाही. घरी न्यायची असेल तर परवानाधारक दुकानातून पावतीसह घ्या आणि महाराष्ट्रात नेण्याचा नियम तिथेच विचारा. सीमेवर बांद्याला तपासणी होते.

स्वयंपाकघर रात्री साडेदहाला बंद. रोस ऑम्लेटचा रस्सा बहुतेक त्याआधीच संपतो.